ॲडम्स फॅमिली : बिननावाच्या माणसांना नावं कुठून मिळाली?

निशिगंध

मंडळी, माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने 'वेन्सडे' ही ॲडम्स कुटुंबातल्या मुलीवरची मालिका पाहिली आणि एका संध्याकाळी मी पोळ्या लाटत असताना येऊन म्हणाली, "आई, ह्या कुटुंबाची चित्रं ज्याने पहिल्यांदा काढली ना, तो माणूस वेस्टफील्डचा होता. आपल्यापासून अर्ध्या तासावर!" मी न्यू जर्सीत वीस वर्षं राहते. त्या गावातून कितीदा गाडी नेली असेल, पण हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून हाताला लागेल ते वाचते आहे आणि १९६४ सालची 'ॲडम्स फॅमिली' ही मूळ कृष्णधवल मालिका लेकीबरोबर रोज एक भाग अशी पाहते आहे. एक गोष्ट मनात पक्की होत गेली, ती मांडायला हा धागा. वाडा, जळमटं, काळे कपडे हे सगळं चित्रकाराचं. पण त्या वाड्यात एकमेकांवर जीव ओवाळून टाकणारी जी माणसं आपल्याला दिसतात, ती टीव्हीच्या लोकांनी घडवली. हे कुटुंब इतकी वर्षं जगलं ते त्या जिव्हाळ्यामुळे, असं मला वाटतं.

चार्ल्स ॲडम्सचा जन्म ७ जानेवारी १९१२ चा. लहानपण वेस्टफील्डच्या एल्म स्ट्रीटवर गेलं. गावातल्या जुन्या दफनभूमीत भटकायची त्याला आवड होती. डडली ॲव्हेन्यूवरच्या एका व्हिक्टोरियन घरात हा मुलगा गुपचूप शिरला आणि पोलिसांनी पकडला, ही गोष्ट गावात आजही सांगतात. कॉलेजनंतर न्यूयॉर्कला चित्रकला शिकला. मग नोकरी लागली 'ट्रू डिटेक्टिव्ह' मासिकात. काम काय, तर खुनाच्या बातम्यांबरोबर येणाऱ्या प्रेतांच्या फोटोंवरचं रक्त रंगकामाने पुसून फोटो छापण्याजोगे करायचे! विशीतल्या मुलाने दिवसभर हे करायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन विनोदी चित्रं काढायची. पुढचं सगळं मला ह्या एका नोकरीत दिसतं.

'द न्यूयॉर्कर' ह्या साप्ताहिकात त्याचं पहिलं छोटं रेखाटन १९३२ साली आलं. ह्या कुटुंबाचं पहिलं चित्र मात्र १९३८ च्या ऑगस्टमधलं. पडझड झालेल्या वाड्याच्या दिवाणखान्यात एक विक्रेता उभा आहे. समोर काळ्या झग्यातली सडपातळ बाई आणि तिच्यामागे एक दांडगा दाढीवाला नोकर. विक्रेता मनापासून सांगतोय की व्हॅक्यूम क्लीनर आवाज करत नाही, वेळ वाचवतो, कुठल्याही नेटक्या घरात हा हवाच. बस, एवढंच. बाईला नाव नाही, नोकराला नाव नाही, आणि हे एक 'कुटुंब' आहे असंही कुठे म्हटलेलं नाही. नवरा, मुलं, टकला काका, म्हातारी ही मंडळी पुढच्या काही वर्षांत एकेक करून चित्रांत आली. नावं कोणालाच नव्हती. पंचवीस वर्षं वाचकांनी ह्या लोकांना निव्वळ चेहऱ्यांनी ओळखलं.

नावं मिळाली टीव्हीमुळे. डेव्हिड लेव्ही हा आधी एनबीसी ह्या अमेरिकन टीव्ही नेटवर्कमध्ये कार्यक्रमांचा प्रमुख होता. न्यूयॉर्कमध्ये रस्त्याने जाताना त्याला दुकानाच्या काचेत ॲडम्सचा 'होमबॉडीज' हा १९५४ चा चित्रसंग्रह दिसला आणि त्यातून ही मालिका डोक्यात आली. तो ॲडम्सला भेटला. ॲडम्सने प्रत्येक पात्राचं थोडक्यात टिपण लिहून दिलं आणि नावंही दिली. काळ्या झग्यातल्या बाईचं मॉर्टिशिया हे नाव अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकांसाठी इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून आलं. वेन्सडे आली एका जुन्या बालगीतातून. कुठल्या वारी जन्मलेलं मूल कसं निघतं हे त्या गाण्यात सांगितलंय, आणि बुधवारचं मूल दुःखाने भरलेलं असतं असं त्यात म्हटलंय. नवऱ्यासाठी ॲडम्सने दोन नावं सुचवली, रेपेली आणि गोमेझ. ह्या दोनांतलं एक निवडायचं काम भूमिका करणाऱ्या जॉन ॲस्टिनवर सोपवलं. मुलाचं नाव ॲडम्सच्या मनात प्युबर्ट होतं. ते टीव्हीवाल्यांना चालण्यासारखं वाटलं नाही, म्हणून पग्सली झालं.

१८ सप्टेंबर १९६४, शुक्रवार. एबीसी ह्या दुसऱ्या नेटवर्कवर पहिला भाग. दोन वर्षांत ६४ भाग झाले आणि ८ एप्रिल १९६६ ला मालिका बंद पडली.

मूळ मालिका पाहिलेलं इथे कोणी आहे का? तुम्हाला काय वाटतं?

---

रेघोट्या

निशिगंधताई, सुंदर धागा. मी मासिकांसाठी चित्रं काढतो, त्यामुळे ॲडम्स माझ्या टेबलावर कायम असतो. एका मुद्द्यावर मात्र असहमत आहे.

जिव्हाळा टीव्हीने आणला असं तुम्ही म्हणता. ॲडम्सची चित्रं नीट पाहा. बाहेर वादळ, पाऊस, उघडी वाकडी झाडं, आणि हे कुटुंब खिडकीशी उभं. चित्राखालच्या ओळीचा आशय असा की अशा दिवशी जगण्यात मजा वाटते. हे लोक पूर्ण सुखी आहेत! दुसऱ्या एका चित्रात पोरगं आईकडे तक्रार घेऊन आलंय आणि आई सांगते, रडत माझ्याकडे येऊ नकोस, जा आणि त्याला सांग की मीपण तुला विष घालीन. भावंडांच्या भांडणात जगातली कुठलीही आई हेच करते, फक्त हिच्या घरातलं हत्यार वेगळं आहे. कुटुंब म्हणून ते चित्रांतच पुरं उभं राहिलेलं होतं.

आणि कारागिरीबद्दल थोडं. त्याची चित्रं नुसत्या रेषांची नाहीत. शाई पातळ करून राखाडी छटांचे थर चढवलेले असतात. वाड्याच्या कोपऱ्यातला अंधार त्याने कुंचल्याने एकावर एक थर देऊन तयार केलेला असतो, आणि नजर आधी त्या अंधारात फिरते, मग ओळ वाचली जाते. विनोद उशिरा पोचतो तो ह्यामुळे. १९४० चं त्याचं बर्फावरच्या घसरगुंडीचं चित्र बघा. उतारावर एक झाड, स्कीच्या दोन खुणा झाडाच्या दोन बाजूंनी गेलेल्या, आणि खाली स्कीवरची बाई आरामात चाललेली. एक शब्द नाही! ह्या चित्राने त्याचं नाव सगळीकडे झालं. विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला हेच दाखवतो.

---

घारू

राक्षसांच्या कुटुंबावरच्या 'मन्स्टर्स' मालिकेचं नाव कोणीच कसं घेत नाही? २४ सप्टेंबर १९६४, सीबीएस नेटवर्क. ॲडम्सच्या बरोबर सहा दिवसांनी. आणि त्या वर्षीच्या लोकप्रियतेच्या यादीत मन्स्टर्स अठराव्या क्रमांकावर, ॲडम्स तेविसाव्या. माझ्या घरी माझी पसंती मन्स्टर्सलाच आहे. हर्मन मन्स्टरइतका भला बाप टीव्हीवर मी दुसरा पाहिला नाही.

---

निशिगंध

रेघोट्या, वादळाच्या चित्राचं तुम्ही म्हणता ते अगदी पटलं. समाधान चित्रांत आहेच, तेवढं वाक्य मागे घेते. पण १९४६ च्या नाताळच्या अंकातलं चित्रही आठवा. दाराशी नाताळची गाणी म्हणणारे लोक जमलेत आणि हे सगळे गच्चीवरून त्यांच्या डोक्यावर उकळता हंडा ओतायच्या तयारीत. बाहेरच्या माणसाशी ह्यांचं नातं चित्रांत हे असं आहे.

आता मालिकेचा पहिला भाग घ्या. मुलं शाळेत का जात नाहीत हे विचारायला शाळेचा माणूस घरी येतो. त्याला आदराने आत घेतात, बसवतात, हवं नको विचारतात. तो घाबरून पळतो तो स्वतःच्या भीतीने. मग मुलं शाळेत जातात आणि वेन्सडे रडत घरी येते. का, तर शाळेत परीकथा वाचून दाखवली आणि त्यात सरदाराने ड्रॅगनला मारलं! बिचाऱ्या ड्रॅगनसाठी सहा वर्षांची पोर हुंदके देते आणि आईवडील तिची समजूत काढतात. माझी लेक हे पाहून गप्पच झाली. गच्चीवरचा हंडा आणि हे रडणं ह्यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते टीव्हीच्या लेखकांनी कापलेलं आहे.

आणि नवराबायको! मॉर्टिशियाने फ्रेंचचा एक शब्द उच्चारला की गोमेझ हातातलं काम टाकून तिच्या हाताची बोटांपासून खांद्यापर्यंत चुंबनं घेत सुटतो. १९६४ च्या अमेरिकन टीव्हीवर लग्नाला दहा-बारा वर्षं झालेलं जोडपं असं वागताना कुठे दिसत होतं? मालिकेचा निर्माता आणि पटकथांवर शेवटचा हात फिरवणारा नॅट पेरिन हा मार्क्स बंधू ह्या विनोदी नटांच्या सिनेमांसाठी लिहिलेला माणूस, ग्राउचो मार्क्सचा मित्र. गोमेझचा सिगार, भुवया, मधेच उसळणारा उत्साह ह्यात मला ते घराणं स्वच्छ दिसतं.

घारू, मन्स्टर्सवर तुम्ही लिहाच. वाट पाहते.

---

आवली

किती छान चाललाय धागा. मला लहानपणापासून पडलेला एक प्रश्न : तो टकला अंकल फेस्टर नक्की कोणाचा कोण? सिनेमात तो गोमेझचा भाऊ आहे, म्हणजे मुलांचा काका. जुन्या मालिकेत तसं नाही म्हणतात.

---

निशिगंध

आवली, बरोबर. जुन्या मालिकेत फेस्टर हा मॉर्टिशियाचा 'अंकल' आहे, म्हणजे तिच्या माहेरचा माणूस. १९९१ च्या बॅरी सोनेनफेल्डच्या सिनेमात त्याला गोमेझचा हरवलेला भाऊ केला आणि तेव्हापासून तेच रूढ झालं. म्हणजे जावयाच्या घरी राहणारा बायकोकडचा म्हातारा होता, तो थेट सख्खा दीर झाला! इंग्रजीत एकाच शब्दात दोन्ही बसतं, म्हणून हा बदल कोणाला फारसा टोचला नाही. मराठीत पहिल्याच भागात ठरवावं लागलं असतं की हा मॉर्टिशियाचा काका, मामा की मावसा.

आजीचंही तसंच. जुन्या मालिकेत घरातली आजी ही गोमेझची आई. मॉर्टिशियाची आई वेगळी, ती अधूनमधून येते, आणि ती भूमिका मार्गारेट हॅमिल्टनने केली आहे. १९३९ च्या 'विझर्ड ऑफ ऑझ'मधली हिरवी चेटकीण ती हीच.

म्हणजे सासू त्याच घरात, आईचं येणंजाणं, बायकोकडचा एक माणूस कायमचा मुक्कामाला, आणि कोणाची कोणाविरुद्ध तक्रार नाही. हे घर मला परकं वाटत नाही ते ह्यामुळेही.

---

तिमिर

भयपट हा माझा जुना विषय, म्हणून १९६४ सालीच हे का घडलं ते सांगतो.

ऑक्टोबर १९५७ मध्ये युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांचा एक गठ्ठा, ५२ सिनेमे, 'शॉक थिएटर' नावाने अमेरिकेतल्या स्थानिक टीव्ही केंद्रांना विकला गेला. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन, ममी हे सगळे तीसच्या दशकातले. आईबापांनी थेटरात पाहिलेली भुतं पोरांना घरच्या पडद्यावर रात्री उशिरा दिसू लागली. ठिकठिकाणी भुताच्या वेषातले निवेदक सिनेमाच्या आधी आणि मधे गप्पा मारायचे. १९५८ मध्ये 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे मासिक निघालं. १९६१ पासून फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचे जोडायचे प्लॅस्टिकचे संच बाजारात आले. १९६४ पर्यंत दहा-बारा वर्षांच्या अमेरिकन पोराला राक्षस घरचाच झाला होता.

ह्याच्याही आधीचा एक धागा थेट ॲडम्सपर्यंत जातो. १९५३ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका वेषभूषा नृत्यसमारंभात माइला नुर्मी ही तरुणी ॲडम्सच्या चित्रांतल्या त्या बिननावाच्या बाईसारखी नटून गेली आणि बक्षीस मिळवून आली. एका निर्मात्याने ते लक्षात ठेवलं. १९५४ मध्ये ती 'व्हॅम्पायरा' नावाने टीव्हीवर भयपट सादर करू लागली. म्हणजे मॉर्टिशियाला नाव मिळायच्या दहा वर्षं आधी तिची सावली टीव्हीवर येऊन गेली होती.

आणखी एक. १७ सप्टेंबर १९६४ ला 'बिविच्ड' ही सामंथा नावाच्या चेटकिणीच्या संसाराची मालिका सुरू झाली, १८ ला ॲडम्स, २४ ला मन्स्टर्स. आठ दिवसांत तीन घरं, तिन्ही विचित्र, तिन्ही शेजाऱ्यांना बुचकळ्यात टाकणारी. आपल्याकडे नव्वदीत सोनीवर हिंदीतून 'बिविच्ड' आणि 'आय ड्रीम ऑफ जिनी' लागायच्या, ते इथल्या पुष्कळांना आठवत असेल. सामंथा नाक हलवायची ती आमच्या घरी सगळे करून बघायचे.

---

घारू

आता मन्स्टर्स. ॲडम्सवर मला राग नाही, पण मन्स्टर्सला नक्कल म्हणतात तेव्हा वाईट वाटतं.

मूळ कल्पना ॲलन बर्न्स आणि ख्रिस हेवर्डची. दोघेही रॉकी आणि बुलविंकलच्या कार्टूनसाठी लिहिणारे. ती पुढे नॉर्म लीबमन आणि एड हास यांनी वाढवली. निर्माते जो कॉनेली आणि बॉब मोशर, म्हणजे 'लीव्ह इट टू बीव्हर'चे कर्ते. ही फार मोठी गोष्ट आहे. पन्नासच्या दशकातल्या अमेरिकेचं आदर्श, गोरंगोमटं, नीटनेटकं कुटुंब ज्यांनी सहा वर्षं लिहिलं, त्यांनीच लगेच पुढच्या वर्षी त्याच घरात फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस बाप म्हणून बसवला. कथा तीच ठेवली : मुलाचं शाळेतलं भांडण, बापाची नोकरी, शेजाऱ्यांशी संबंध. त्याआधी तीस वर्षांपूर्वी रंगभूषाकार जॅक पिअर्सने घडवलेल्या राक्षसाच्या चेहऱ्याचा हक्क युनिव्हर्सलकडे होताच, म्हणून तो सपाट माथा आणि मानेतले खिळे त्यांना वापरता आले. दुसऱ्या कोणाला ते शक्य नव्हतं.

सुरुवातीच्या रंगीत चाचणी भागात आई वेगळी होती, जोन मार्शलने केलेली फीबी. ती फारच मॉर्टिशियासारखी दिसत होती. मग यव्हॉन डी कार्लो आली आणि लिली झाली. फ्रेड ग्विन आणि अल लुइस ही जोडी आधीच्या पोलिसांवरच्या विनोदी मालिकेतून जमलेली होती, त्यामुळे हर्मन आणि आजोबांचं सूत पहिल्या भागापासून जुळलेलं दिसतं.

माझं मन जिंकणारी गोष्ट अशी : हर्मन एका अंत्यविधीच्या दुकानात नोकरी करतो. रोज सकाळी डबा घेऊन निघतो. पैशाची चणचण असते. ॲडम्स गर्भश्रीमंत आहेत, त्यांना जगाची पर्वा करायची गरजच नाही. मन्स्टर्सना लोकांत मिसळायचं असतं, आणि लोक का पळतात ते त्यांना कळत नाही. एका भागात हर्मन मुलाला सांगतो की तू उंच आहेस की बुटका, देखणा आहेस की कुरूप ह्याला अर्थ नाही, तुझं मन कसं आहे ते महत्त्वाचं. १९६५ चा तो प्रसंग २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत पुन्हा लाखोंनी पाहिला. परमुलखात आलेल्या माणसाला हर्मन लगेच कळतो. मी तेवीस वर्षांचा असताना परदेशी आलो आणि पहिल्या हिवाळ्यात एकट्याने बसून हीच मालिका पाहिली, म्हणून हे इतक्या खात्रीने लिहितोय.

---

निशिगंध

घारू, धन्यवाद. हे वाचून मन्स्टर्स आजच सुरू करणार. ॲडम्स घरात येणाऱ्याला सामावून घेतात आणि मन्स्टर्स बाहेरच्यांत सामावून जायला बघतात, हा फरक मला तुमच्यामुळे उमगला.

---

खर्ज

चुटक्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी.

शीर्षकगीत व्हिक मिझीचं. हार्पसिकॉर्डवर चार सूर आणि मग दोन चुटक्या. हार्पसिकॉर्ड हे पियानोच्या आधीचं वाद्य. त्यात तार हातोडीने न ठोकता टोचली जाते, म्हणून सूर कोरडा येतो, लगेच विरतो आणि जोर लावून मोठा करता येत नाही. जुन्या वाड्याला हा आवाज शोभतो. मालिकेत लर्च, म्हणजे तो दांडगा नोकर, तेच वाद्य वाजवतो, त्यामुळे शीर्षकगीत जणू त्याच दिवाणखान्यातून येतं. गायक आणायला निर्मिती कंपनी पैसे देईना, तेव्हा मिझीने स्वतःच्या आवाजाचे थर एकावर एक ध्वनिमुद्रित केले. ते एवढे सगळे गाणारे लोक म्हणजे एकटा मिझी. मधे जे जाड आवाजात एकेक शब्द येतात, तो टेड कॅसिडी, म्हणजे आपला लर्च. मिझीने गाण्याचे प्रकाशन हक्क स्वतःकडे ठेवले आणि त्या दोन चुटक्यांवर पुढे आयुष्यभर उत्तम राहिला.

सहा फूट नऊ इंचांचा हा कॅसिडी. लर्च मुळात मुका असायचा होता. कॅसिडीने आयत्या वेळी त्या खोल आवाजात "आपण बोलावलंत?" अशा अर्थाचे दोन शब्द उच्चारले आणि ते इतके जमले की पात्राला वाचा मिळाली. पेटीतून बाहेर येणारा 'थिंग' हा हातही बहुतेक वेळा त्याचाच.

---

रेघोट्या

खर्ज, 'थिंग'चं मूळही चित्रांत आहे. पन्नासच्या दशकातल्या एका चित्रात ग्रामोफोनच्या आतून हात बाहेर येऊन तबकड्या बदलतो. कझिन इट मात्र सर्वस्वी टीव्हीचा. डोक्यापासून पायापर्यंत केसच केस असलेला तो नातलग पहिल्या वर्षीच्या विसाव्या भागात पहिल्यांदा आला. आत फेलिक्स सिला, आणि ती किचकिच ध्वनी अभियंता टोनी मॅग्रोची. ॲडम्सने काढलेला नव्हता तरी आज तो कुटुंबातलाच झालाय. इथे निशिगंधताईंचं म्हणणं मला मान्य करावं लागतं.

रंगांची एक गोष्ट चित्रकारांसाठी. चित्रीकरणाच्या जागेचे रंगीत फोटो उपलब्ध आहेत. तो काळाकुट्ट दिवाणखाना प्रत्यक्षात गुलाबी होता! गुलाबी भिंती, भडक गालिचे. कृष्णधवल फितीवर कुठला रंग किती राखाडी उतरेल ह्या हिशेबाने सगळं रंगवलं होतं. ॲडम्सने शाईत पाणी घालून जे साधलं, ते ह्यांनी गुलाबी रंगाने साधलं. मी हा फोटो पाहिला तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो होतो.

---

वकीलकाका

जॅकी कूगनविषयी लिहितो, कारण फेस्टरच्या टकलामागचा माणूस लोकांना माहीत असावा असं मला फार वाटतं.

चॅप्लिनच्या १९२१ च्या 'द किड'मधलं ते फाटक्या टोपीतलं, डोळ्यांत पाणी भरलेलं पोर म्हणजे हाच जॅकी कूगन. बालपणी त्याने तीस-चाळीस लाख डॉलर कमावले असा अंदाज आहे. वयात आल्यावर पैसे मागितले तर आई आणि सावत्र बाप म्हणाले, मुलाची कमाई आईबापांची. तेव्हाचा कायदाही तसाच होता. १९३८ मध्ये त्याने खटला भरला. सगळा हिशेब होऊन त्याच्या हाती सुमारे सव्वा लाख पडले. पण त्या खटल्यामुळे १९३९ मध्ये कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईचा काही हिस्सा त्यांच्या नावाने राखून ठेवण्याचा कायदा झाला, आणि त्याला आजही कूगन कायदाच म्हणतात.

आता पाहा. त्या चित्रीकरणाच्या जागी सहा वर्षांची लिसा लोरिंग वेन्सडे करत होती आणि केन वेदरवॅक्स पग्सली. ज्याचं स्वतःचं बालपण लुटलं गेलं तो पन्नाशीचा माणूस डोकं भादरून, तोंडात दिवा पेटवून त्या मुलांना हसवत होता, आणि त्यांच्या कमाईचं रक्षण त्याच्या नावाचा कायदा करत होता. चाळीस वर्षं वकिली केली, बालकांच्या मालमत्तेचे खटले पाहिले. तो प्रसंग पडद्यावर आला की मला फेस्टर दिसत नाही, ते टोपीतलं पोर दिसतं.

---

आवली

वकीलकाका, हे वाचून डोळे भरून आले. आता फेस्टरकडे वेगळ्याच नजरेने बघणार.

मालिका इतकी चांगली होती तर दोनच वर्षांत बंद का पडली?

---

तिमिर

आवली, दोन्ही मालिका १९६६ च्या वसंतातच गेल्या. मन्स्टर्सची शेवटची तारीख १२ मे. जानेवारी १९६६ मध्ये एबीसीवर 'बॅटमॅन' आली, रंगीत, आणि पोरं सगळी तिकडे गेली. मन्स्टर्सला तिचा थेट फटका बसला. तोवर नेटवर्कं वेगाने रंगीत होत होती आणि ह्या दोन्ही मालिका कृष्णधवल. पुढे पुनःप्रक्षेपणांनी दोन्ही जगल्या.

---

निशिगंध

एक राहिलं. मालिका सुरू झाल्यावर 'द न्यूयॉर्कर'ने ह्या कुटुंबाची चित्रं घेणं बंद केलं. संपादक विल्यम शॉन यांना टीव्हीवर घरोघरी पोचलेली माणसं आपल्या पानांत नको होती. ॲडम्स तिथे इतर चित्रं देत राहिला, पण ज्यांना त्याने पंचवीस वर्षं वाढवलं ती माणसं नावं मिळताच त्याच्या हक्काच्या जागेवरून बेदखल झाली. मला ह्याची फार हळहळ वाटते. २९ सप्टेंबर १९८८ ला तो गेला. तीन वर्षांनी आलेल्या सिनेमाची सुरुवात त्याच गच्चीवरच्या उकळत्या हंड्याने होते. तो पाहायला ॲडम्स नव्हता.

आणि लेकीची एक गोष्ट. जुन्या मालिकेत एका भागात छोटी वेन्सडे लर्चला नाचायला शिकवते. पाय घासत, हात हलवत. तो भाग लागला आणि लेक ओरडलीच, "आई, हे तर तेच आहे!" २०२२ च्या मालिकेतल्या त्या प्रसिद्ध नाचात जेना ऑर्टेगाने लिसा लोरिंगची ती पावलं घेतली आहेत. लोरिंग पुढच्याच जानेवारीत वारली. लेकीने मग दोन्ही नाच शेजारी शेजारी लावून चार वेळा पाहिले.

वेस्टफील्डमध्ये दर ऑक्टोबरला 'ॲडम्सफेस्ट' भरतो. मुख्य रस्ते सजवतात, लोक वेष करून येतात. आम्ही दोघी जाणार आहोत. एडिसन, पिस्काटवे, ब्रिजवॉटर इथलं कोणी येणार असेल तर विपू (विचारपूस) करा. ट्रेनने यायचं तर रॅरिटन व्हॅली लाइन, वेस्टफील्ड स्टेशन. एल्म स्ट्रीटवरच्या घरात लोक राहतात, तेव्हा बाहेरूनच पाहायचं आणि फोटो काढायचा नाही असं आम्ही ठरवलंय. दफनभूमीत मात्र चक्कर मारू.

---

रेघोट्या

मी पुण्यात, यायला जमणार नाही. पण त्या दफनभूमीतून एक रेखाटन करून आणाल का? लेकीला सांगा, पेन्सिल चालेल, आणि कोपऱ्यातल्या अंधारासाठी शाईत थोडं पाणी.

---

घारू

मी येतोय. हर्मनचा डबा घेऊन.